पॉइंट झिरो टू

फलज फोडायचा नाही, एवढी एकच अट.
गल्ली खणा, अंगण खणा,
मशिदीच्या पायरीखालून न्या,
पण पाण्याच्या पाटाला कुदळ लागली
तर ठेका गेला समजा.
म्हणून मी आणि शफीकुलने पालथं पडून
पाटाखालून हाताने बोगदा काढला, दीड वीत.
डोक्यावरून पाणी जात होतं.
ऐकू येत होतं.

गाव मस्कतपासून चार तास,
त्यातला शेवटचा तास नुसते दगड.
अठ्ठावीस घरं.
प्लॅनवर अठ्ठावीस टिंबं.

इथलं पाणी खल्फान वाटतो.
कुणाच्या खजुरींना किती वेळ, ते तो
रोवलेल्या काठीच्या सावलीवर सांगतो.
मनगटावर घड्याळ आहे, मुलाने दिलेलं.
पाण्यासाठी ते चालत नाही, म्हणतो.
मी भिंतीला डबा ठोकत होतो, तो येऊन बसला.
यात पाळी कशी लावता?
माझी अरबी ठेकेदाराशी भांडण्यापुरती.
पाळी नाही, म्हटलं. सगळ्यांना एकदम. रात्रंदिवस.
बराच वेळ डब्याकडे बघून म्हणाला,
मग वाया किती जातं?

इतक्या वर्षांत कुठल्या गिऱ्हाइकाने विचारलं नव्हतं.
एका जोडाला पॉइंट झिरो टू, म्हटलं,
आणि बोटाच्या पेरावर नखाने दाखवलं.
तो हसला. आमच्या पाटाची गळती एवढीच असती
तर बाग त्या डोंगरावर चढली असती.

केसाहून बारीक काच.
सोलायची, स्पिरिटने पुसायची, छाटायची.
मशीनच्या पडद्यावर दोन टोकं समोरासमोर येतात,
मधे अंतरपाट धरल्यासारखी
जरा इकडे, जरा तिकडे,
मग एकच ठिणगी.
छाटलेले तुकडे डबीत टाकायचे, मोजून.
एखादा सुटला तर बोटात जातो आणि दिसत नाही.
माझ्या अंगठ्यात एक आहे, मागच्या रमजानपासून.
थंडीत कळतो.

याआधी रेंज फक्त खडकावर होती,
गावाच्या वर, बकऱ्यांच्या वाटेने.
संध्याकाळी सगळे तिथे, एकमेकांकडे पाठ करून,
आणि तरी सगळ्यांना सगळं ठाऊक.
लेकीचा दहावीचा निकाल मला तिथेच कळला.
शेजारी जोखा उभी होती, मुलाला दम भरत.
तिला मराठीतलं एक अक्षर येत नाही.
सकाळी आमच्या कंटेनरच्या दाराशी
खजुराचा डबा होता, वर पेपरची घडी.

गुरुवारी लाइन चालू झाली.
जोखाने राउटरवर भरतकामाचा रुमाल घातला,
मी म्हटलं, तापेल, काढा.
बरं म्हणाली. काढला नाही.

त्या रात्री खडकावर कोणी गेलं नाही.
स्प्लिटरला बत्तीस तोंडं, चार मोकळी.
शफीकुलने चारही बोटं वर केली
आणि माझ्याकडे बघितलं.
आमचा पत्र्याचा कंटेनर प्लॅनवर नाही.
चार पोर्टांवर चार टोप्या, काळ्या.
मी झाकण लावलं. स्क्रू दोनदा पिळले.

आमच्या आटपाडीकडच्या गावातही आली होती ती,
ग्रामपंचायतीच्या कपाटात डबा आहे, लाल दिवा लागतो.
किल्ली ग्रामसेवकाकडे,
ग्रामसेवक तालुक्याला.
लेक अजून पाण्याच्या टाकीवर चढून फोन करते.
तर ती टाकीवर, मी खडकावर,
मधे समुद्र आणि एक कांडी रेंज.

टॉर्च पायाशी धरून चढलो.
वर खल्फान बसलेला. हातात फोन नाही,
तोंड पश्चिमेच्या कड्याकडे.
रात्रीची पाळी ताऱ्यांवर चालते,
तारा कड्याआड गेला की पाणी पुढच्या बागेला.
म्हणजे तो रोज इथेच असायचा,
आम्हा सगळ्यांच्या मागे कुठेतरी,
आमचे पडदे चमकत असताना.

हात हलवून म्हणाला, तो दिवा बंद कर जरा.
केला.
बाबा, दिसत नाही तुम्ही, लेक म्हणाली.
आवाज तुटत होता.
थांब, म्हटलं,
इथे एकाचं पाणी बदलायचंय.